मामांची बासरी आणि पन्नालालबाबू

आमच्या कॉलेजात काका पुष्कळ आहेत. वॉचमनकाका, झेरॉक्सवाले काका, कॅन्टीनचे काका. मामा मात्र एकच, वर्कशॉपचे मामा. फिटिंगचा जॉब बिघडला, काटकोन म्हणून काढलेला कोन शंभर अंशांचा निघाला की सगळे मामांकडे धावतात. मामा कपाळावरचा चष्मा खाली ओढतात, कानस हातात घेतात आणि सर यायच्या आत तो जॉब माणसात आणून ठेवतात. मीरा-भाईंदरच्या या हॉस्टेलवर राहून इंजिनिअर झालेल्या कित्येकांच्या डिग्रीवर मामांच्या कानशीचे ओरखडे आहेत. दिसत नाहीत, इतकंच.

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लाईट गेली. मिठागरांच्या बाजूने वारा सुटलेला, व्हायव्हा दोन दिवसांवर आणि आमच्या मजल्यावरचा एक कलाकार जत्रेतून आणलेल्या बासरीवर अत्याचार करत बसलेला. मामा पंप बघायला म्हणून वर आले होते. त्यांनी ती बासरी मागून घेतली, शर्टाला पुसली आणि ओठाला लावली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा मात्र एक सूर लागला. एकच, तोही जेमतेम दोन सेकंद. पण सगळा मजला गप्प झाला. मामांनी बासरी परत दिली आणि पंपाकडे निघून गेले.

नंतर हळूहळू कळलं. मामा मूळचे सिंधुदुर्गातले. गावाकडच्या भजनात बासरी वाजवायचे, मुंबईला आल्यावरही वाजवायचे. मग भाईंदरच्या एका भांड्यांच्या कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताची अनामिका प्रेसमध्ये सापडली. बोट वाचलं, पण ताठर झालं. ते नीट वाकत नाही आणि लांब जात नाही. त्या दिवशी माळ्यावर गेलेली बासरी अठरा वर्षांत खाली आली नाही. पुढे ती तिथेच तडकली म्हणे. यंदा मामा रिटायर होणार आणि रिटायर झाल्यावर पुन्हा बासरी धरायची आहे, असं ते मेसच्या मावशींना बोलून गेले. मावशींच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे आपल्या सगळ्यांचं भाग्य!

झालं. निरोपसमारंभाला घड्याळ, शाल, भिंतीवरचं पेंटिंग वगैरे सगळं रद्द. मामांना बासरी द्यायची. वर्गणी निघाली, चार हजारांच्या वर पैसे जमले आणि बासरी निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर मी एकदा गॅदरिंगला माऊथ ऑर्गन वाजवला होता.

कुठलीही गोष्ट करायची तर आधी अभ्यास करावा, ही सवय आपल्याला परीक्षेच्या आदल्या रात्री तरी असतेच. त्या रात्री मी बासरीवर जे मिळेल ते वाचून काढलं आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. पन्नालाल घोष. आज मैफलीत आपण जी लांब, गंभीर आवाजाची बासरी ऐकतो, ती या माणसाने घडवली. बत्तीस इंचांची बासरी! मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, द्यायची तर मामांना हीच द्यायची. हा निर्णय किती चुकीचा होता ते पुढे येईलच. पण तो चुकीचा आहे हे मला पन्नालालबाबूंच्या चरित्रातूनच कळलं, म्हणून आधी ते सांगतो.

पन्नालाल घोष यांचा जन्म १९११ सालच्या जुलै महिन्यात पूर्व बंगालमधल्या बारिसालला झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. पाळण्यातलं नाव अमलज्योती. घरात गाणं होतं. आजोबा धृपद गाणारे, वडील सतार वाजवणारे. धाकटा भाऊ निखिल पुढे मोठा तबलजी झाला. बारिसाल म्हणजे नद्यांचा मुलूख. लहान पन्नाला नदीत पोहताना वाहत आलेली एक बासरी सापडली आणि पुढे दोनेक वर्षांनी एका साधूने त्याचं वाजवणं ऐकून स्वतःजवळची बासरी त्याला देऊन टाकली, अशी आख्यायिका सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण त्या साधूचा मला हेवा वाटला. दुकानात न जाता, ट्यूनर न लावता, त्याला नेमक्या हाताला नेमकी बासरी देता आली.

हा मुलगा नुसता बासरीत रमणारा नव्हता. तालमीत जायचा, लाठी चालवायचा, बॉक्सिंग करायचा. आपल्याकडे बासरीवाला म्हटलं की डोळ्यांसमोर एक नाजूक, मान कलती केलेली मूर्ती येते. पन्नालालबाबूंचा देह पैलवानाचा होता. रुंद छाती आणि मोठे, भक्कम पंजे. हे पंजे लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहेत. त्या काळी बंगालमधल्या तालमी म्हणजे क्रांतिकारकांची उठबस असलेल्या जागा. या मुलावरही पोलिसांची नजर गेली. ऐन तारुण्यात गाव सोडून तो कलकत्त्याला आला.

कलकत्त्यात पोटाचा प्रश्न होता. तेव्हाचे सिनेमे मुके. पडद्यावर चित्र हलायचं आणि थेटरात खाली बसून वादक मंडळी संगीत वाजवायची. पन्नालाल अशा वाद्यवृंदात बासरी वाजवू लागले. भारतात बोलपट आला १९३१ साली, 'आलम आरा'पासून. त्यानंतर ते न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांचे सहायक म्हणून काम करू लागले.

आता इथे तेव्हाच्या बासरीची अवस्था समजून घेतली पाहिजे. दक्षिणेत बासरी मैफलीत मानाने बसत होती. आपल्याकडच्या हिंदुस्थानी संगीतात मात्र ती गुराख्याची, लोकगीतांची, नाटक-सिनेमात साथीला घ्यायची. आखूड बासरी, उंच, किलबिलता आवाज. गवई तासभर विलंबित ख्याल गातो, खर्जात उतरतो, एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर मींड घेत घसरतो. हे सगळं त्या आखूड नळीतून निघणार कसं? निघत नव्हतं. म्हणून बासरीला मैफलीच्या मध्यभागी जागा नव्हती.

पन्नालालबाबूंनी हा प्रश्न एखाद्या इंजिनिअरने घ्यावा तसा घेतला. मित्रांनो, फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. दोन्ही बाजूंनी मोकळ्या नळीत जो सूर निघतो त्याची वारंवारता नळीच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. आवाज खाली आणायचा तर नळी लांब करावी लागते. पण नळी लांब केली की सगळं गणित बदलतं. व्यास वाढवावा लागतो, भोकं एकमेकांपासून दूर जातात, फुंक जास्त लागते आणि बोटं पुरेनाशी होतात. त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या, वेगवेगळ्या व्यासाच्या बासऱ्या करून पाहिल्या. बांबूशिवाय धातूच्या नळ्याही वाजवून पाहिल्या. शेवटी ते परत बांबूवरच आले आणि बत्तीस इंचांच्या आसपास थांबले. त्या बासरीतून खर्जाचा तो घोगरा, गोल, भरलेला आवाज निघाला आणि बासरी पहिल्यांदा गवयासारखी गाऊ लागली.

पण माझ्या मते त्यांचं खरं डोकं दिसतं ते सातव्या भोकात. जरा नीट सांगतो, कारण हे कळल्यावर मी खुर्चीतून उठलो होतो.

साध्या बासरीला बोटांची सहा भोकं असतात. वरची तीन बंद केली की सा लागतो. एकेक भोक उघडत वर गेलो की रे, ग आणि मग मध्यम. सगळी उघडली की तीव्र मध्यम. त्याच्या लगेच पुढचा स्वर पंचम. पण पंचमासाठी सहाच्या सहा भोकं बंद करून फुंक वाढवावी लागते. म्हणजे एका स्वराला सहाही बोटं हवेत आणि शेजारच्याच स्वराला सहाही बोटं खाली. आता यमनात तीव्र मध्यमावरून पंचमावर अलगद घसरत जायचं असेल तर काय करणार? सहा बोटांची उडी मारून घसरता येत नाही. जिना आणि घसरगुंडी यांत फरक आहे ना!

पन्नालालबाबूंनी सहा भोकांच्या खाली करंगळीसाठी सातवं भोक पाडलं. एरवी ते उघडं राहतं. सहाही बोटं खाली असताना करंगळीने ते झाकलं की पंचमाच्या लगेच खालचा तीव्र मध्यम मिळतो. करंगळी हळूहळू उचलली की तोच मध्यम सरकत सरकत पंचमात जातो. जिथे सहा बोटांची धावपळ होती, तिथे एका करंगळीचं काम उरलं. वर खर्जात आणखी एक स्वर खाली उतरता आलं, तो फायदा वेगळा. एका भोकाने दोन प्रश्न सुटले. असा जॉब आपल्या वर्कशॉपमध्ये कुणी केला तर मामाही कानस खाली ठेवतील.

कलकत्त्यातच खुशी महंमद खाँ आणि गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे त्यांचं शिक्षण झालं. १९३८ साली सराईकेलाच्या नृत्यमंडळाबरोबर ते युरोपात जाऊन आले. आणि १९४० साली ते मुंबईला आले.

इथून त्यांची गोष्ट आपल्या वेस्टर्न लाईनवर येते. भाईंदरहून चर्चगेटची लोकल पकडली की मीरा रोड, दहिसर, बोरिवली, कांदिवली आणि मग मालाड. १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ उभा राहिला होता. पन्नालालबाबूंनी 'स्नेहबंधन' (१९४०) या सिनेमाला संगीत दिलं आणि पुढे बॉम्बे टॉकीजच्या 'बसंत'ला (१९४२). 'बसंत'च्या श्रेयनामावलीत नाव पन्नालाल घोष यांचं आहे, पण चाली बऱ्याचशा अनिल विश्वास यांच्या, असंही जाणकार सांगतात. हे अनिल विश्वासही मूळचे बारिसालचेच, पन्नालालबाबूंचे बालमित्र आणि नंतर मेहुणे. त्यांची बहीण पारुल ही पन्नालालबाबूंची पत्नी. पारुल घोष स्वतः उत्तम गायिका होत्या. 'बसंत' आणि 'किस्मत' (१९४३) या सिनेमांतली त्यांची गाणी त्या काळी घरोघरी पोचली होती. 'बसंत'मध्ये एक छोटी मुलगी बेबी मुमताज या नावाने पडद्यावर आली होती. पुढे ती मधुबाला झाली. पन्नास सालानंतर काही वर्षांतच बॉम्बे टॉकीज बंद पडलं. आज आपली लोकल मालाडवरून जाते तेव्हा कुणी खिडकीतून मान वळवून बघत नाही. मीही बघत नव्हतो.

सिनेमात नाव होतं, पैसा होता, काम होतं. १९५१ च्या 'आंदोलन'लाही संगीत त्यांचंच, आणि 'बसंत बहार'मध्ये (१९५६) ऐकू येणारी बासरीही त्यांचीच. पण या सगळ्याच्या मध्ये त्यांनी एक गोष्ट केली, जी मला सातव्या भोकापेक्षाही मोठी वाटते. १९४७ साल. वय छत्तिसाच्या घरात. देशभर नाव झालेलं, रेडिओवर, रेकॉर्डवर, सिनेमात. अशा वेळी हा माणूस मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांपुढे शिष्य म्हणून जाऊन बसला. बाबा म्हणजे रविशंकर, अली अकबर खाँ आणि अन्नपूर्णादेवींचे गुरू. शिस्तीला भयंकर कडक. ज्याने आपल्या वाद्याचा सांगाडाच नव्याने बांधला, त्याने पुन्हा पाटी कोरी करून सुरुवात केली. आपल्याला केटीचा पेपर पुन्हा द्यायचा म्हटलं तरी लाज वाटते. इथे टॉपर माणूस स्वतःहून पहिल्या बाकावर परत येऊन बसला होता.

त्याच वर्षी फाळणी झाली आणि बारिसाल परदेशात गेलं. ज्या नदीत बासरी सापडली असं सांगतात, ती नदी सीमेपलीकडे राहिली.

मैहरच्या तालमीनंतर त्यांच्या वादनाला वेगळंच वजन आलं. आलाप सावकाश, भरदार, धृपदाच्या अंगाने. त्यांनी नवे रागही बांधले. नूपुरध्वनी, चंद्रमौली, दीपावली, पुष्पचंद्रिका. १९५६ साली ते दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि तिथे 'कलिंग विजय'सारख्या रचना त्यांनी वाद्यवृंदासाठी केल्या. त्याच वर्षी धाकट्या भावाने, निखिल घोष यांनी, मुंबईत संगीत महाभारती ही संस्था काढली. ती आजही जुहूला आहे.

आणि मग २० एप्रिल १९६०. दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने पन्नालालबाबू गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. आपल्या एचओडी सरांपेक्षाही लहान.

त्यांची सात भोकांची बासरी मात्र राहिली. जावई देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड, हरिपद चौधरी, निरंजन हळदीपूर अशा शिष्यांनी ती सांभाळली. पुण्यात पं. केशव गिंडे यांनी, मुंबईत पं. नित्यानंद हळदीपूर यांनी ती परंपरा पुढे नेली. पं. हरिप्रसाद चौरसियांची परंपरा निराळी आणि त्यांची बासरी सहा भोकांची. पण ती लांब, गंभीर बासरी मैफलीच्या मध्यभागी बसू शकली, कारण आधी कुणीतरी ती जागा करून ठेवली होती. गंमत म्हणजे हरिप्रसादजींनीही नाव झाल्यावर अन्नपूर्णादेवींकडे शिकायला सुरुवात केली, तेव्हा बासरी धरायचा हातच बदलला. उजवीकडची डावीकडे. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं वाचून मी बत्तीस इंचांच्या बासरीच्या प्रेमात पडलो, यात नवल नाही. पण दोन दिवसांनी, ऐन थर्मोच्या लेक्चरला, डोक्यात एक किडा वळवळला. पन्नालालबाबूंनी बासरी लांब केली ती लांब दिसावी म्हणून नव्हे. त्यांना खर्ज हवा होता, मींड हवी होती, आणि ती बासरी पेलणारे पंजे त्यांच्याकडे होते. त्या बासरीच्या प्रत्येक इंचाला कारण होतं. मग मामांच्या बासरीला कारण काय? त्यांचे पंजे कुठे आहेत? आणि ती अनामिका?

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. उजव्या हाताची अनामिका सहाव्या भोकावर येते. लांब बासरीत ते भोक सगळ्यात दूर. ते झाकलं गेलं नाही तर पंचम लागत नाही. खालचाही नाही आणि मधलाही नाही, कारण दोन्हींना सहाही भोकं बंद लागतात. पंचमाशिवाय मामा वाजवणार काय? भजनाच्या साध्या चालीतही पंचम लागतोच. करंगळीचं सातवं भोक तर लांबच राहिलं. आम्ही मोठ्या प्रेमाने, रंगीत कागदात गुंडाळून मामांना अशी वस्तू देणार होतो, जी उघडल्यावर त्यांना पहिल्यांदा स्वतःचं मोडकं बोट आठवलं असतं. अठरा वर्षांनी परत येणारा माणूस दारातूनच मागे फिरला असता. आणि टाळ्या वाजवायला आम्ही सगळे समोर!

मग आम्ही एक युक्ती केली. वर्कशॉपमध्ये इंचभर व्यासाचा पीव्हीसी पाईप पडला होता. एर्गोनॉमिक्सच्या प्रोजेक्टसाठी हाताचं माप हवंय असं सांगून आम्ही तो मामांना आडवा धरायला लावला. बोटं जिथे आरामात पडतात तिथे खडूने खुणा केल्या. सहा खुणा. अनामिकेची खूण मधल्या बोटाच्या अगदी जवळ आली. मामा काही बोलले नाहीत. नुसते चष्म्यावरून बघत होते. खुणा कागदाच्या पट्टीवर उतरवल्या, पाईप कोपऱ्यात टाकला आणि ती पट्टी घेऊन आम्ही तिघे रविवारी दादरला निघालो. मालाड आलं तेव्हा मी खिडकीतून बघितलं. दिसलं काहीच नाही, पण बघितलं.

दुकानातल्या काकांनी आधी विचारलं, की कुणासाठी हवी आहे, शिकणाऱ्यासाठी की वाजवणाऱ्यासाठी. आम्ही सांगितलं की वाजवणाऱ्यासाठी, पण अठरा वर्षांनी परत वाजवणाऱ्यासाठी. काकांनी मान हलवली. असे लोक येतात म्हणाले. त्यांना शिकाऊ बासरी देऊ नका, कारण कान जुना असतो, बेसूर बासरी त्यांना लगेच कळते. आणि उस्तादांची लांब बासरीही देऊ नका, कारण ओठ आणि बोटं अजून नवी असतात. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवण्याच्या लायकीचं होतं, आणि ठेवलंही.

पट्टी बासऱ्यांवर धरून पाहिली. पांढरी तीनची बासरी, म्हणजे तीसेक इंचांची. तिचं सहावं भोक आमच्या खुणेच्या बरंच पलीकडे. पांढरी एकची आखूड बासरी, अठरा-एकोणीस इंचांची. ती बोटांना सोपी, पण आवाज फार उंच आणि भोकं इतकी जवळ की मामांची जाडजूड बोटं एकमेकांवर चढली असती. पांढरी पाचची, चोवीस इंचांच्या आसपासची, अगदी पट्टीवर बसली. सहावं भोक खुणेपासून जरा सरकलेलं होतं. काकांनी त्याच पट्टीतल्या चार बासऱ्या समोर ठेवल्या आणि त्यातल्या एकीचं सहावं भोक आमच्या खुणेवर बरोब्बर आलं. बांबू शेवटी निसर्गाचा, कुठल्याच दोन बासऱ्या सारख्या नसतात.

मग तपासणी. मोबाईलवर ट्यूनर लावला. काकांनी तीन भोकं बंद करून सा लावला, मग तोच सा फुंक वाढवून वरच्या सप्तकात. दोन्ही जुळले पाहिजेत. मग सगळी बंद करून खालचा आणि मधला पंचम. दुकानात एसी होता म्हणून काकांनी बासरी आधी फुंकून गरम केली. कारण हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. एसीतून आपल्या मेच्या उकाड्यात, दहा अंश वर गेलो, तर सूर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास चढतो. अर्ध्या स्वरात अंतर सहा टक्क्यांचं, तेव्हा हा फरक कानाला कळतो. बांबू उजेडात धरून तडा नाही ना ते पाहिलं. फुंकायच्या भोकाची कड स्वच्छ आहे, दोऱ्याचे वेढे घट्ट आहेत, बांबू जुना आणि सुकलेला आहे, हे पाहिलं. भाईंदरच्या खाऱ्या, दमट हवेत आणि नंतर पंख्याखाली बांबू तडकू नये म्हणून आतून अधूनमधून तेलाचा हात फिरवायला सांगितलं. पैसे उरले, त्यातून कापडी खोळ घेतली.

निरोपसमारंभ झाला. भाषणं झाली, नेहमीपेक्षा जरा बरी. मामांनी खोळ उघडली. आम्हाला वाटलं, आता वाजवतील. त्यांनी वाजवली नाही. बासरी डाव्या-उजव्या हातात धरली, एकेक बोट आपल्या जागी ठेवलं. अनामिका सगळ्यात शेवटी. ती सहाव्या भोकावर टेकली तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि आमच्या तिघांकडे बघून मान हलवली. बस, एवढंच. बासरी परत खोळीत गेली.

मग त्यांनी खुर्चीमागून कागदात गुंडाळलेली एक लांब वस्तू काढली आणि आमच्या हातात दिली. तोच पीव्हीसी पाईप! एका टोकाला लाकडी बूच, फुंकायचं भोक आणि आमच्या खडूच्या खुणांवर पाडलेली सहा भोकं. कडा कानशीने साफ केलेल्या. कुठला सूर उतरतो तिथे भोक जरासं मोठं करून वर आणलेला. भोक मोठं केलं की सूर चढतो, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. खडूच्या सहा खुणा बघूनच मामांना पहिल्या दिवशी सगळं कळलं होतं. बासरीवाल्याला बासरीची मापं कळणार नाहीत तर कुणाला? आणि आम्ही समजत होतो की आम्ही मामांना फसवलं!

तो पाईप आता आमच्या मजल्यावर असतो. जत्रेतल्या बासरीच्या तुलनेत फारच सुरात आहे. आमचा कलाकार अजून नुसती हवाच काढतो, पण चिकाटी सोडलेली नाही. मामा अधूनमधून हॉस्टेलवर चक्कर मारतात, त्याची बोटं सरळ करून देतात, अगदी जॉब सरळ करावा तशी. मामांचा पंचम लागतो का, हे विचारायची हिंमत आमच्यातल्या कुणाला झाली नाही. पण परवा लाईट गेली होती, मामा आले होते, आणि खोळ त्यांच्या खांद्याला होती.